सहकुटुंब शरद सहल : सफरचंदाची बाग आणि भोपळ्याचे शेत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची वार्षिक शरद सहल शनिवार, 17 ऑक्टोबर 2026 रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यातल्या बागेत जाणार आहे. सर्वांनी सकाळी 9 वाजता मंडळाच्या नेहमीच्या वाहनतळावर जमावे. कुटुंबातील माणसांची व गाड्यांची संख्या रविवार, 11 ऑक्टोबरपर्यंत कार्यवाहांना कळवावी.

फळ ओढून तोडू नये. ते तळहातात धरून वर उचलावे आणि किंचित पिरगळावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा बहर जिच्यावर यायचा ती आखूड फांदी मोडत नाही. झाडावर चढण्यास लहानथोर सर्वांनाच मनाई आहे. एका पेक मापाच्या पिशवीत सुमारे 10 पौंड सफरचंदे मावतात, तेव्हा घरी खाणारी तोंडे मोजूनच पिशवी घ्यावी.

हॅलोविनसाठी कोरायचा मोठा भोपळा पाणचट व रेषाळ असतो, म्हणून घारगे किंवा भरीत करायचे असल्यास लहान 'शुगर पंपकिन' निवडावा.

या भागात हरणांवरील गोचिडांमुळे लाइम रोगाचा धोका असल्याने पायघोळ विजार, मोजे व बंद बूट घालावेत आणि परतल्यावर मुलांचे अंग नीट तपासावे.

नवरात्र असल्याने उपवासाचा डबा ज्याने त्याने आणावा. 'हार्ड सायडर' हे मद्य आहे, मुलांसाठी साधे सायडर, म्हणजे सफरचंदाचा न आंबवलेला रस, मागावे.

आपले,
कार्यकारी मंडळ