चवथीआधी आईला

माशेल, गोवा
श्रावण वद्य पंचमी

ती. आई, बाबा आणि आज्जी यांना सा. नमस्कार.

आज्जीला आधी सांग, परदेशातून पत्र आलंय. लग्न ठरल्यापासून ती "पोरगी परदेशात दिली" म्हणत आलीय आणि आपण सगळे हसतो, पण तिच्या लहानपणी गोव्यात यायचं तर परवाना लागायचा. १९ डिसेंबर १९६१ नंतरच हा मुलूख आपला झाला. इथल्या आजेसासूबाईंचं गणित बरोबर उलटं आहे. कोल्हापूर म्हणजे घाटावर, आणि घाटावर म्हणजे पार पलीकडे. दोघींना एकदा समोरासमोर बसवायला हवं, मी पानसुपारी देते.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू दोन मिनिटांत "जेवलीस का?" वर येतेस आणि मग गाडी पुढं सरकत नाही. तू विचारलं होतंस, तिकडं नक्की खाता काय, आणि गणपती आपल्यासारखाच असतो का. शिवाय एक कामाची गोष्ट आहे, ती सगळ्यांच्या समोर बोलण्यासारखी नाही.

खाण्याचं आधी. सगळा फरक नारळात आहे. आपल्याकडं एक ओला नारळ आठवडाभर पुरतो, बाकी सगळं सुक्या खोबऱ्यावर. इथं सकाळी माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आडोळीवर बसतात (विळीच, तिच्या टोकाला खवणी) आणि दिवसाला एक नारळ कमीत कमी. आमटीला नारळ, भाजीला नारळ, उसळीला नारळ. सुरुवातीला मला सगळ्याची चव एकच वाटायची. आता कळतं की नारळ कच्चा वाटला, भाजून वाटला, नुसता दूध काढून घातला किंवा वरून पेरला, तर चार वेगळे पदार्थ होतात. भात उकड्या तांदळाचा, जाड, लालसर. बाबा, तुम्हाला तो आवडणार नाही हे आत्ताच सांगते. पण त्याच तांदळाची पेज सकाळी दहा-अकराला आंब्याच्या लोणच्याबरोबर प्यायची, ती मात्र आवडेल.

सकाळ-संध्याकाळ पदेर (पाववाला) येतो, सायकलच्या मागं टोपली आणि हातात पों पों वाजणारा भोंगा. कोंड्याची पोळी (आपली चपाती नव्हे, पाव), कडक उंडे, बांगडीसारखी काकणं. न्याहारीला पावभाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती नाही. वाटाण्याची किंवा अळसांद्यांची (इथली चवळी) पातळ भाजी आणि त्यात बुडवायला पाव. "पाव काय न्याहारीला?" हे आज्जीचं वाक्य मला इथवर ऐकू येतं. पण गरम पोळी हातात घेऊन एकदा बघ म्हणावं.

तू बरणीत भरून दिलेल्या कांदा-लसूण मसाल्याची गोष्ट राहिलीच. ती बरणी बरेच दिवस फडताळात मागं पडून होती. माईंनी एकदा झाकण उघडून वास घेतला आणि "बाये, हें इतलें तिखट?" म्हणून परत लावलं. मग ज्येष्ठात, धो धो पाऊस, मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, घरात सुके बांगडे आणि कडधान्यं. त्या दिवशी अळसांद्यांचं तोणाक होतं. भाजलेल्या नारळाचं वाटण घालून केलेली दाट उसळ ती. माई देवळात गेल्या होत्या, मी शिजता शिजता सपाट एक चमचा मसाला टाकला आणि वरून जरा गूळ. जेवताना कोणी काही बोललं नाही. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा माईंनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी बरणी फडताळातून खाली, हाताशी येऊन बसली होती. आता ती संपत आलीय, याचा अर्थ तुला कळलाच.

आषाढातल्या चिखलकाल्याबद्दल आज्जीला मुद्दाम सांग. आमच्या गावात देवकीकृष्णाचं देऊळ आहे. कृष्णाबरोबर देवकीची पूजा, असं मी तरी आधी कुठं पाहिलं नव्हतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल लावून बाप्ये चिखलात खेळतात, म्हातारे आणि पोरं एकाच रंगाची होतात आणि शेवटी दहीहंडी. तुमचे जावई घरी आले तेव्हा मी त्यांना आवाजावरून ओळखलं. कपडे अजून नीट निघालेले नाहीत.

तर आता श्रावण. मजा बघ, मासेमारीची बंदी उठली आणि लगेच घरात मासळी बंद. पण रानभाज्यांनी कसर भरून निघते. पहिल्या पावसाचा कोवळा टाकळा, त्याला इथं तायकिळो म्हणतात, त्यात फणसाच्या आठळ्या घालून भाजी. बांबूचे कोंब, फागलां म्हणजे आपली करटुली. आणि अळमी! वारुळावर उगवणारी ही रानातली अळंबी बाजारात आली की भाव विचारायचा नसतो, सासरे तरी विचारत नाहीत, पाकिटाकडं बघून नुसता सुस्कारा टाकतात.

नागपंचमीला पातोळ्या केल्या. हळदीचं पान उलटं धरून त्यावर तांदळाचं वाटलेलं पीठ बोटांनी पातळ सारवायचं, इतकं पातळ की पानाच्या शिरा खालून दिसल्या पाहिजेत. मधे नारळ-गुळाचं सारण, पान मिटायचं आणि वाफवायचं. माझ्या पहिल्या काही जाड झाल्या, जाऊबाई म्हणाल्या, "ही भाकरी थापतेय." त्यांना कोल्हापूरची भाकरी दाखवायलाच हवी. पातोळी उलगडली की पिठावर पानाची नक्षी उठलेली असते आणि हळदीच्या पानाचा वास हाताला दिवसभर राहतो. सारणाला माडाचा गूळ, काळा, जरा खारट अंगाचा. दुसरा गूळ माई घालूच देत नाहीत. मी म्हटलं, आमच्या कोल्हापूरच्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या म्हणाल्या, "मेळूं दी."

आता गणपती. इथं चवथ म्हणतात, आणि गावाबाहेर गेलेला प्रत्येक माणूस चवथीला मूळ घरी येतो. पणजीतले, मुंबईतले, सगळे. आमच्या घरात चार चुली आणि एकच गणपती. चूल तेवढी त्या दिवसांपुरती एक होते. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला केवणीच्या सालीच्या दोरानं एकेक फळ, भाजी, रानातली वस्तू बांधायची. नारळांचा घोस, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, काकड्या, निरफणस, आंबाडे, तोरिंगण (पपनस) हे आपल्याला कळतं. पण कांगलां, घागऱ्यो, माटुती अशी कितीतरी रानफळं आहेत, जी मी पंचांगातही वाचलेली नाहीत. सासरे आत्तापासून डोंगराकडं बघून सांगतात, कुठल्या वळणावर कुठलं झाड यंदा लागलंय. जे मिळत नाही ते बाणस्तारीच्या बाजारातून. सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धाही घेतं, पण सासऱ्यांच्या मते स्पर्धेची माटोळी म्हणजे प्रदर्शन, घरची ती घरची. विसर्जनानंतर ती उतरवायची आणि वाटून खायची.

आरत्या मात्र आपल्याच, मराठीत. घरात बोलणं कोंकणी, सकाळचा पेपर मराठी, देवापुढं मराठी, यात इथं कुणाला काही वेगळं वाटत नाही. फक्त चाल लांब आणि साथीला घुमट. मातीचं मडकंच ते, दोन्हीकडं तोंडं असलेलं, एका तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारनं ते राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. तुमचे जावई वाजवतात. कसं वाजवतात ते तू ऐकल्यावर ठरव, मी घरात राहते, मला बोलता येत नाही.

आणि नैवेद्याला खतखतें. त्यात कांदा नाही, लसूण नाही. तूरडाळ, मिळतील तेवढ्या भाज्या, मक्याच्या कणसाचे तुकडे, सुरण, भोपळा, मुळा, शेंगा, नारळाचं वाटण, आमसूल, गूळ आणि तिरफळं. तिरफळ चावायचं नाही, नुसता त्याचा वास घ्यायचा. मी चावलं होतं, जीभ बराच वेळ जागेवर नव्हती.

हां, आता कामाचं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून ओझें येतं. टोपल्या भरून नेवऱ्या, लाडू, चकल्या, नारळ, फळं. मग ते वाड्यावर वाटलं जातं आणि प्रत्येक घरी टोपल्या मोजल्या जातात, तोंडानं नाही, डोळ्यांनी. माई म्हणतात काही पाठवायची गरज नाही, आणि त्या मनापासून म्हणतात. पण जाऊबाईंच्या वेळी काय काय आलं होतं ते मला आतापर्यंत तीन वेगवेगळ्या बायकांनी सांगितलंय. मला विचारशील तर हे मोजणं मला पटत नाही. मुलीच्या घरच्यांनीच का टोपल्या वाहायच्या? तुमच्या जावयांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "मग आपण पण एक भरून घेऊन जाऊ." एवढं बोलून पेपर वाचायला लागले, पण मी ते धरून ठेवलंय.

म्हणून आई, इथल्यासारखं करायच्या भानगडीत पडू नकोस. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण, ती इथं ढिगानं होते. आमच्याकडं सारणात ओला नारळ गुळात आटवून घालतात. तू आपल्या सुक्या खोबऱ्याच्या, खसखशीच्या करंज्या कर. बेसनाचे लाडू, तिखटमिठाच्या शंकरपाळ्या, एक छोटी गुळाची ढेप आणि मसाला. एवढंच. दुकानातली चकचकीत खोकी नकोत, बाबांना मुद्दाम सांग, ते घाबरून जास्तीचं आणतील. वाड्यावर कुणी मोजलंच तर कोल्हापूरची ढेप किती टोपल्यांना भारी पडते ते मी बघते.

तुम्हाला दोघांना चवथीला यायला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, आपलाही गणपती आहे. दादाला पाठव. द्वितीयेला दुपारपर्यंत पोचला तर बरं, कारण तृतीयेला इथं गौर-महादेव बसतात आणि बायकांचा उपास असतो, कुणाला बोलायला वेळ नसतो. घाट उजेडी उतरायला सांग. पावसात आंबोलीला धुकं किती असतं ते त्याला माहीत आहे, पण मित्रांबरोबर धबधब्याला थांबायचं नाही हे माहीत नाही.

आणि खरी बातमी. बघ, इथं गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते. आई आधी, मुलगा मागून. आपल्याकडं गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी. आमचा गणपती दीड दिवसाचा. पंचमीला सकाळी नव्या भाताची कणसं आणून पूजा करतात, संध्याकाळी विसर्जन. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे निघालं तर दुपारी कोल्हापूर. यंदा गौरी आवाहन षष्ठीला आहे की सप्तमीला, ते बाबांना पंचांगात बघायला सांग. माईंना विचारलंय. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "माटोळेचें वांटून झाल्याबगर वचूंक ना." म्हणजे वाटप उरकून मग जा. मी हो म्हटलं.

तर गौरीच्या भाजी-भाकरीच्या नैवेद्याला आम्ही दोघं आहोत असं धर. शंकरोबा आणायला यंदा तुमचे जावई जातील, त्यांना झिम्मा-फुगडीतून मात्र वगळा. इथल्या बायकांची फुगडी मी शिकतेय, गाणी वेगळी, दम तोच लागतो. आपल्या गल्लीत करून दाखवीन. येताना माडाचा गूळ, तिरफळं आणि हळदीची पानं आणते, पुरणपोळीच्या दिवशी चुलीच्या एका कोपऱ्यात मला पातोळ्यांना जागा दे. बाबा, मासे यावेळी नाहीत. ते दिवाळीला तुम्ही इकडं याल तेव्हा, नरकासुर जाळायला पहाटे उठायची तयारी असेल तर.

आज्जीच्या गुडघ्याला तेल लावताय ना? तिला नमस्कार, दादाला अर्धा नमस्कार.

तुमची लेक

ता. क. मसाला स्टीलच्या डब्यात भर आणि झाकणावर कापड बांध. पिशवीत देऊ नकोस, करंज्यांना वास लागला तर माई हसतील.