मिरजेच्या वॉर्डातून, मनापासून आभार

लेकीचा सहावा वाढदिवस आणि माझं अपेंडिक्स, दोघांनी एकच मुहूर्त धरला. आदल्या रात्री भडंग करताना बेंबीपाशी कळ आली, मग उजवीकडे खाली उतरली आणि तिथंच ठाण मांडून बसली. असलं दुखणं अंगावर काढू नये हे ठाऊक असूनही मी ओवा चावत बसले. (शहाणीच!) पहाटेपर्यंत ते फुटलं होतं. दुर्बिणीनं भागलं नाही, पोट उघडावं लागलं.

विश्रामबागेतून मिरजेला नेणारे रिक्षावाले दादा, प्रत्येक गतिरोधकाआधी तुम्ही "ताई, धरून बसा" म्हणालात आणि भाडं न घेताच निघून गेलात. तुमचं नावही विचारायचं राहिलं.

शेजारच्या खाटेवर अथणीच्या एक आज्जी होत्या. त्यांना मराठी जेमतेम, मला कन्नड शून्य. पण खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची, हे त्यांनी करूनच दाखवलं. टाक्यांची निम्मी भीती तिथंच गेली.

वॉर्डातल्या मावशी, लहान मुलांना वर सोडत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून खिडकीशी नेलंत. खाली नव्या फ्रॉकात लेक उभी होती, कपाळावर कुंकू. औक्षण शेजारच्या काकूंनी केलं होतं. केक बेकरीवाल्यांनी मी घरी येईपर्यंत लांबवला, जादा पैसे न घेता.

सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून पाणीही काकूच भरतात. काकू, तुमचा खिचडीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा पाठवू?