बागेत चटई टाकायला जागा द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

जून उजाडला की महापालिका आणि नगरपरिषदा योग दिनाच्या तयारीला लागतात. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी २१ जून ही तारीख मंजूर केली, कारण उत्तर गोलार्धातला तो सर्वांत मोठा दिवस. आपल्याकडे मात्र तेव्हा मृग सरून आर्द्रा लागत असतात. मैदानात चिखल, म्हणून कार्यक्रम मंगल कार्यालयात. त्याबद्दल तक्रार नाही, पाऊस हवाच. मला बोलायचंय ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांबद्दल.

मी एका सार्वजनिक बागेत सकाळी मोफत योगवर्ग घेते. ‘घरी पंख्याखाली करा की, बागच कशाला?’ असं मला एका साहेबांनी विचारलं होतं. साहेबांचं घर मोठं असावं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर ३०० चौरस फुटांचं असतं. त्यात पाच माणसं, आणि त्यातला एखादा रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला. तिथे सूर्यनमस्कार घालायचे तर हात कपाटाला लागतात. बाईमाणसाला तर घरात डोळे मिटून बसताही येत नाही. मिटले की कुकरची शिट्टी होते, नाहीतर कुणीतरी चहा मागतं. बागेतला पाऊण तास तिचा असतो. दोन दिवस एखादी आजी दिसली नाही तर तिला फोन जातो. एकट्या राहणाऱ्या माणसाला या फोनचं काय वाटतं, ते आमच्या वर्गात येऊन विचारा.

शरीराचंही सांगते. मातीवर वृक्षासन करताना जमीन किंचित उंचसखल असते, घोट्याचे स्नायू सतत सावरत राहतात. साठीनंतर तोल जाऊन पडायची धास्ती असते, तेव्हा हीच सवय कामी येते. सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, असंही आमचे काका लोक ठामपणे सांगतात. ते काही खरं नाही. सूर्य कलता असताना त्यासाठी लागणारे अतिनील किरण जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. ते मिळतात साधारण दहा-अकरानंतर. आणि नेमकं तेव्हाच अनेक शहरांत बागांना कुलूप लागतं, ते दुपारी चारच्या सुमारास निघतं! थंडीच्या दिवसांत आखडलेल्या सांध्यांना पहाटेच्या गारठ्यापेक्षा अकराचं ऊन मानवतं, पण तेव्हा आम्ही फाटकाबाहेर.

बाहेरची हवा चांगलीच असते, असंही मी म्हणणार नाही. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर-धूळ तिच्यातच कोंडते. त्यात झाडलोट झाली की बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटतो. बंदी आहे, तरी पेटतो. भस्त्रिकेच्या दीर्घ श्वासात तो धूर ओढायचा का?

हठयोगाच्या जुन्या परंपरेत साधकाला लहान दाराची, फटी नसलेली कुटी सांगितली आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी मात्र सहाव्या अध्यायात अभ्यासाची जागा सांगताना दाट फळती झाडं, पावसाळ्यातही निर्मळ राहणारं पाणी, सौम्य ऊन आणि मंद झुळूक यांचं वर्णन केलं. मी माउलींच्या बाजूची.

आमचं मागणं त्याहून फार लहान आहे. बागांमधल्या सपाट जागा ओपन जिमच्या यंत्रांनी खाल्ल्या. यंत्रांवर निधी देणाऱ्याचं नाव ठळक, यंत्र मात्र गंजलेलं. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. त्यावर मार्जरासनात गुडघे टेकून बघा एकदा. प्रत्येक बागेत एक चौथरा ठेवा: शहाबादी फरशीचा, पाण्याचा निचरा होणारा, वर पत्रा आणि चारी बाजूंनी उघडा. पावसाळ्यातही वर्ग चालेल. तो रस्त्याच्या कुंपणाला चिकटून नको, आतल्या झाडांपाशी हवा. बाग पहाटे पाचला उघडावी, थंडीत दुपारीही उघडी राहावी. बायकांचं स्वच्छतागृह बागेबरोबरच उघडावं. आमच्याकडे किल्लीवाला नऊला येतो, तोवर वर्ग आटोपलेला असतो. फी घेणाऱ्या वर्गांकडून भाडं खुशाल घ्या, मोफत वर्गांना अनामत मागू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी देऊच नका, आम्हालाही नाही.

बागा स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत येतात हे ठाऊक आहे. पण आपल्या खात्याकडून सगळ्यांसाठी एक नमुना नियमावली गेली, तर दर शहरात वेगळा अर्ज घेऊन फिरावं लागणार नाही. चौथऱ्याला वेळ लागेल, समजू शकते. वेळा, कुलपं आणि पालापाचोळा यांना मात्र निधी लागत नाही. तेवढं परिपत्रक दिवाळीआधी काढावं, म्हणजे यंदाची थंडी वाया जाणार नाही.

कळावे,
आपली,
बागेतल्या योगवर्गाची एक शिक्षिका