पेन्सिलीने लिहिलेल्या नावाबद्दल

आदरणीय गुरुजी आणि मंडळी,

सा. न. वि. वि.

गावाहून परतले त्या रात्रीपासून हे पत्र डोक्यात आहे. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत पावसाचा विषय काढलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका लहानशा गावात चार-पाच माणसं शाळेच्या जुन्या खोलीत बसून, जुन्या कागदांतून गावच्या माणसांच्या पूर्वजांचा माग काढण्याचं, काय काम करतात, हे मुंबई-ठाण्याला पांगलेल्या आपल्या लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

गावाबद्दल आमच्या घरात शिल्लक होतं ते इतकंच: गावाचं नाव, घरामागचा पऱ्या म्हणजे ओहोळ, पऱ्यातला मोठा दगड ज्यावर बायका गोधड्या आपटायच्या, आणि मामाचं बोट धरून आगबोटीत चढल्याची आजोबांची आठवण. आजोबा याच्यापुढे बोलायचे नाहीत. आईवडील "तापाने गेले", संपलं. 1979 साली आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या आईचं नाव तर घरात कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या आत्यालाही नाही, आणि ती आज एक्क्याऐंशीची आहे.

तुमच्याकडे येण्याआधी दोन वर्षं मी बरीच धडपड केली. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, म्हणून मी गावात त्याच आडनावाची माणसं शोधत होते. एकही सापडेना. गाव चुकलं असेल असं वाटलं, कारण त्याच नावाचं दुसरं गाव वेगळ्या तालुक्यातही आहे. तिथेही जाऊन आले. मग एका गृहस्थांना पैसे देऊन वंशावळ करून घेतली. चौकटीत बसवलेली, सोनेरी वेलबुट्टीची, चौदा पिढ्यांची आणि थेट एका सरदार घराण्याला नेऊन भिडवलेली. आमच्या हॉलमध्ये ती सहा महिने लागलेली होती.

तीच चौकट घेऊन मी तुमच्या पायरीवर आले होते. तुम्ही चष्मा पुसलात, ती वरपासून खालपर्यंत वाचलीत, आणि विचारलंत, "हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही त्या माणसाला नावं ठेवली नाहीत, मला हसला नाहीत. चौकट हळूच भिंतीला टेकवून ठेवलीत, एक कोरा कागद पुढे ओढलात आणि पेन्सिलीने आजोबांचं नाव लिहिलंत. "इथून वर चढू. पुरावा मिळेपर्यंत पेन्सिल, दोन कागद एकमेकांशी जुळले की शाई." त्या क्षणी मला वाईट वाटलं होतं, गुरुजी, खोटं कशाला सांगू. चौदा पिढ्यांवरून एका नावावर आले होते.

आडनावाचा गुंता तुम्ही पाच मिनिटांत सोडवलात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? गावाबाहेर पडलेल्यालाच लोक 'अमुककर' म्हणतात. गिरणीच्या मस्टरवर नाव चढताना कामगार भरणाऱ्या जॉबरने किंवा कारकुनाने विचारलं असेल, कुठला रे तू, आणि जे सांगितलं त्याला 'कर' लावून टाकलं असेल. भावकीचं खरं आडनाव मागे गावातच राहिलं. गिरणगावात गेलेल्या किती घरांचं असं झालं असेल! पुढे तुम्ही विचारलंत, देवक कोणतं? मी गप्प. तिथूनच आत्याला फोन लावला. तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, "कळंब. माझ्या लग्नात कळंबाची फांदी आणायला दादा पार मुलुंडपर्यंत गेला होता." कुलदैवतही तिनेच सांगितलं. या दोन गोष्टींवर तुम्ही गावातल्या सहा भावक्यांमधून दोन बाजूला काढल्यात. एक वरच्या वाडीतली, एक खालच्या. पऱ्या फक्त खालच्या वाडीच्या मागून जातो.

तरीही शाई नाही. "हा अंदाज झाला," तुम्ही म्हणालात.

यापुढचं काम तुमच्या मंडळींतल्या वहिनींचं आहे, आणि त्यांचे आभार कसे मानावेत हे मला अजून सुचलेलं नाही. घरचं आवरून, देवळातली पाळी सांभाळून ज्या बाईने चाळिशीत मोडी शिकली, तिच्या शेजारी तीन दुपार मी बसले होते. मला वाटायचं जुनी माणसं शोधायची तर पुण्याला पेशवे दप्तरात जायचं. वहिनी म्हणाल्या, तिथे वतनदार भेटतील, सरदार भेटतील. खोताचं कूळ असलेला तुमचा पणजोबा भेटायचा तर तो गावच्याच कागदांत. खोती गावांतली बोटखतं, फेरफार, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत ही बुकं तहसिलातल्या गाठोड्यांतून बाहेर आली. तुम्ही लोकांनी मात्र आपल्या गावाची पानं त्याच्या कितीतरी आधी उतरवून घ्यायला सुरुवात केली होती, दाखल्यासाठी नाही, गावासाठी.

1918 सालचं पान वहिनींनी माझ्यासमोर उलगडलं. आधी नुसतीच रेघ दिसते. मोडी लिहिणारा पानभर आडवी ओळ मारून घेतो आणि तिला अक्षरं टांगत जातो; शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. वहिनी बोट न टेकवता, पानापासून वीतभर वर धरून वाचत होत्या. तारीख, मयताचं नाव, जात, वय, वाडी, मरणाचं कारण. ऑक्टोबरच्या त्या एका पानावर एकोणीस नोंदी होत्या. पहिल्या ओळीत कारणाच्या रकान्यात 'ताप'. त्याच्या खाली 'सदर'. त्याच्या खाली 'सदर'. सदर, सदर, सदर, पान संपेपर्यंत. मध्येच एक 'सर्पदंश' आला तेव्हा, देव मला क्षमा करो, हायसं वाटलं.

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. ती जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळून खेड्यापाड्यांत शिरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1911 ते 1921 या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली ती मुख्यतः त्यामुळे. हे मी शाळेत कधी शिकल्याचं आठवत नाही. त्या पानावर मात्र कोतवालाने घरोघर जाऊन आणलेली आणि कोणीतरी बोरू झिजवून लिहिलेली ती साथ समोर होती. लिहिणाऱ्याचं अक्षर महिनाअखेरीला बदलतं, हे वहिनींनी दाखवलं. पहिला लिहिणारा आजारी पडला की काय, कोण जाणे.

बारावी ओळ. 22 ऑक्टोबर 1918, कोजागिरीनंतर तिसरा दिवस. वहिनी थांबल्या. एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने. एक नाव, पुढे 'कोम', पुढे माझ्या पणजोबांचं नाव. वय 26. खालची वाडी. कारण, सदर. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हे मला तेव्हा कळलं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे आधी कळलं होतं, कारण वंशावळीत सगळीकडे तेच. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत फक्त बापाचं नाव आहे. जिने त्यांना जन्म दिला तिचं नाव सरकारी कागदावर एकदाच चढलं, ती मेली तेव्हा. पणजोबांची नोंद चार दिवसांनंतरची, 26 तारखेची.

तरीही तुम्ही पेन्सिलच घेतलीत! त्या नावाचे दोन पुरुष तेव्हा गावात होते, म्हणून. मला रडू येत होतं आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, दुसऱ्या कोणाची आई तुम्हाला देऊन चालणार नाही." गुरुजी, ते वाक्य मी विसरणार नाही.

दुसरा कागद मुंबईत निघाला. लालबागच्या चाळीतली आपल्या गावकीची खोली, जिथे बायकामुलं गावी ठेवून आलेले बाप्ये वळकट्या लावून राहायचे, तिची वर्गणीची वही मंडळाच्या काकांनी ट्रंकेतून शोधून काढली. वही मराठीत, बाळबोध अक्षरात, पानं कसरीने खाल्लेली. 1926 सालच्या पानावर मामाच्या नावासमोर चार आणे, आणि त्याखाली बारीक अक्षरात: "सोबत भाचा, खालची वाडी, मयत अमक्याचा" आणि पणजोबांचं नाव बापाच्या नावासकट. पहिलाच पगार असेल तो आजोबांचा. पंधरा वर्षांचे होते. काकांनी त्या पानाचा फोटो पाठवला रात्री अकरा वाजता, आणि तुमचा फोन आला सकाळी सहाला. तुम्ही एवढंच विचारलंत, "शाई करू ना?"

आत्याला मी नाव सांगितलं. ती दोनदा स्वतःशी पुटपुटली. मग तिने विचारलेला प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता: "आधी कोण गेलं?" मी म्हटलं, पणजी. चार दिवस आधी. "म्हणजे सवाष्ण गेली," आत्या म्हणाली. "आणि आपण इतकी वर्षं तिचं पान सर्वपित्रीला ठेवत आलो." यंदा पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्या घरी पहिल्यांदा सवाष्ण जेवली. आत्याने स्वतः कुळथाचं पिठलं केलं, कारण घाटमाथ्यापलीकडची डाळ तिला चालणार नव्हती, असा तिचा हट्ट. ते नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. ते घरात राहू दे, असं आत्याचं म्हणणं आहे आणि ते मला मानायचं आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्यांनी मला खालच्या वाडीत नेलंत. घर नाही, जोतं आहे, त्यावर करवंदीची जाळी. ज्यांच्या ताब्यात ती जागा आज आहे त्या काकूंनी चहा करून दिला, आणि आम्ही जमीन मागायला आलो नाही हे त्यांना तुम्हीच आधी जाऊन सांगून ठेवलं होतंत, हे मला नंतर कळलं. हे किती मोठं काम आहे! जुन्या नावांचा शोध म्हटला की गावात पोटात गोळा येतो, सातबाऱ्याच्या भीतीने. तुम्ही दोन्हीकडच्या माणसांचा मान राखलात. दगड पऱ्यात अजून आहे. मधोमध उतरता, गुळगुळीत. गुरुजी, तुमच्या घरून निघताना बाईंनी माझी ओटी भरली, आणि म्हणाल्या, माहेराला आलीस तर रिकामी कशी जाशील. त्र्याण्णव सालानंतर, माझी आई गेल्यानंतर, कोणी माझी माहेरची ओटी भरलेली नव्हती.

ती सोनेरी चौकट मी उतरवली आहे. काचेत तुमचा कागद लावला आहे, चार नावांचा, तीन शाईतली आणि सगळ्यांत वरचं एक अजून पेन्सिलीतलं.

सोबत आजोबांच्या गिरणीच्या पितळी बिल्ल्याचा फोटो आणि त्यांच्या लग्नातला एक फोटो पाठवते आहे, गावाच्या कपाटासाठी. लग्नाच्या फोटोत डावीकडे फेटा बांधलेले उभे आहेत ते मामा असावेत, असं आत्या म्हणते. फोटोच्या मागे मी त्यांचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे.

वहिनींना, काकांना, आणि बाईंना नमस्कार. शिमग्याला पालखी खालच्या वाडीत कोणत्या दिवशी येते ते कळवा. आत्याला घेऊन यायचं आहे.

आपली,
खालच्या वाडीची माहेरवाशीण