फळा गल्लीत, आम्ही ले-आउटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ओळखी वाढवण्याचा सल्ला देणारा लेख सोमवारी वाचला. रविवारचा अंक सोमवारी का, ते खाली येईलच.

लेखकमहाशय म्हणतात, मोबाइल आल्यापासून माणूस कुठं राहतो याला काही अर्थ उरलेला नाही, तरुणांनी घरबसल्या ओळखी जोडाव्यात. झकास. आणि त्याच लेखात दोन परिच्छेद सोडून अमेरिकेचा दाखला देतात. तिकडं अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि मंडळींनी सव्वासात कोटींच्या आसपास फेसबुकवाल्यांची मैत्री तपासली, २०२२ साली ते छापून आलं. गरीब घरातली पोरं ज्या भागात पैसेवाल्यांच्या ओळखीत वाढतात, तिथली पोरं मोठेपणी जास्त कमावतात, असं त्यात निघालं. म्हणजे भागाला अर्थ आहेच की! लेख पाठवण्याआधी महाशयांनी तो एकदा वाचला असता तर आमचाही वेळ वाचला असता.

आम्हाला हे कळायला सव्वासात कोटी माणसं मोजावी लागली नाहीत, एक घर बदललं तेवढं पुरलं. शहापुरात आमच्या तीन पिढ्या गेल्या. आजोबांच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. तेव्हाही कुणाचं घर कुठल्या हद्दीत यावर बरंच काही ठरायचं, असं ते सांगत. १९८७ साली मी टर्नरचं काम शिकून घरी बसलो होतो. पलीकडच्या घरात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे फोरमन राहायचे. कन्नड माणूस. आईशी मराठीत बोलायचे, आम्हा पोरांना शिव्या दोन्ही भाषांत. एका पहाटे नळाला पाणी आलं होतं, आई घागर भरत होती, तेव्हा तेच बोलले, "वैनी, पोराला उद्या डबा देऊन धाडा." ना अर्ज, ना मुलाखत. त्या डब्यावर मी एकतीस वर्षं काढली. ते चार घरं पलीकडं राहत असते तर दुसऱ्याच कुणाचा तरी डबा भरला असता, हेही कबूल करतो.

२०१९ ला भावाभावांत वाटणी झाली, घर विकलं आणि आम्ही शहराबाहेर ले-आउटात तीस-चाळीसच्या प्लॉटवर बांधलं. हवा चांगली आहे. समोरच्या घराला कुलूप, मालक पुण्याला. डावीकडं कॅमेरा, उजवीकडं कुत्रा. पाच वर्षांत साखर मागायला कुणी आलं नाही की मी कुणाकडं गेलो नाही.

आता मूळ दुखणं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या, कर्नाटकातल्या आमच्यासारख्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडावा लागतो. हे सगळ्यांना मोघम ठाऊक असतं. दाखला कुठल्या टेबलावर मिळतो, साहेब कुठल्या वारी जाग्यावर असतो, आणि भरती निघाली आहे हे मुळात कळायचं कसं, ते मोघम ठाऊक असून भागत नाही. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाला मंडळाचा काळा फळा आहे. कुणाची दिवसकार्यं, पाणी कधी सुटणार, सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, सगळं खडूनं लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी त्याच फळ्यावर भरतीची जाहिरात आणि खाली "दाखल्यासाठी पंचांना भेटणे" एवढी ओळ होती. गल्लीतल्या तीन पोरांनी अर्ज भरले. पंचांनी त्यांना स्वतः कचेरीत नेऊन आणलं.

माझा मुलगा बी.कॉम. आहे, त्या तिघांच्याच वर्गातला. त्याला कळलं मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी, तेही एका लग्नाच्या पंगतीत, वाढणारा पोरगा सहज बोलून गेला म्हणून. त्यानं ताटातली जिलेबी तशीच ठेवली. घरी येईपर्यंत गाडीवर माझ्या मागं बसून एक शब्द बोलला नाही.

मोबाइलवर बघायचं होतं, असं लेखक म्हणतील. बघा मग. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मी त्यात होतो. घर विकल्यावर दुसऱ्या महिन्यात "काका, ग्रुप फक्त गल्लीतल्यांसाठी आहे, गैरसमज नसावा" असा निरोप आला आणि मला काढलं. काढणारा कोण? शिवजयंतीच्या चित्ररथावर ज्याला मी दोन वर्षं मावळा करून उभा केला, मिशी काजळानं स्वतः काढली, तो! गणपतीच्या वर्गणीला मात्र हाच मावळा पावतीपुस्तक घेऊन सात किलोमीटर ले-आउटात येतो. तेव्हा आम्ही गल्लीतलेच.

गल्लीचं गुणगान करायला बसलो, असं समजू नका. तिथं कुणाच्या घरी कोण आलं गेलं याचा हिशोब चहाच्या गाड्यावर ठेवला जातो आणि जातीबाहेरच्या भाडेकरूला खोली मिळत नाही, ते मी पाहिलं आहे. त्या भाडेकरूच्या पोरांना तरी फळ्यावरची ओळ कोण वाचून दाखवतं? पण त्यांना "घरबसल्या ओळखी जोडा" सांगणं म्हणजे जांबोटीकडच्या पोराला, ज्याच्या गावाला वस्तीची गाडी चुकली की रात्र स्टँडवर काढावी लागते, त्याला संध्याकाळी सातला बेळगावात इंग्रजी संभाषणाचा क्लास लाव सांगण्यापैकी आहे. आमच्या नावानं दोन राज्यांची सरकारं भांडतात, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्यातलं कुठलंही सरकार ले-आउटात एक फळा टांगायला आलेलं नाही.

आता अंकाचं. तुमचा पेपर टाकणारा पोरगा ले-आउटाच्या कमानीपर्यंतच येतो. आत तेरा घरं, त्याला परवडत नाही म्हणे. सगळे अंक किराणा दुकानात ठेवून जातो आणि दुकान रविवारी बंद. त्यामुळं रविवारची पुरवणी आम्हाला सोमवारी मिळते, तीही कधी कधी शेंगदाण्याच्या तेलाचा डाग घेऊन. बिल मात्र एक तारखेला बरोबर दारात. वितरण विभागाला मी दोनदा फोन केला. तिकडून विचारलं, "तुमच्या भागातलं कुणी ओळखीचं आहे का आमच्याकडं?"

आपला,
एक जुना वर्गणीदार
(पूर्वी शहापूर, बेळगाव)