बाजरीचे पीठ कडू का होते, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला भरडधान्यांवरचा पानभर लेख वाचला. लोह, तंतू, कॅल्शियम, सगळे आले. दळलेली बाजरी किती दिवस टिकते यावर मात्र एक ओळ नाही. ज्या घरात रोज भाकरी थापली जाते तिथे कोणालाही विचारा, बाजरीचे दळण बेताचेच आणतात.

आमच्या भागातली गिरणी बंद पडल्यापासून पाकिटावर भागवावे लागते. यंदा भोगीलाही तेच केले. पाकिटावर मुदत तीन महिन्यांची, त्यातला एकच सरलेला. तीळ लावून भाकरी थापली, छान फुगली, आणि पहिल्याच घासाला सासूबाईंनी ताट सरकवले. दुकानदार म्हणाला, "बाजरी थोडी कडूच असते." अहो, बाजरी कडू नसते, शिळे पीठ कडू असते! मी पाथर्डीकडची आहे, बाजरी खाऊनच वाढले. पाकिटावर पॅकिंगची तारीख होती, दळल्याची नव्हती.

बाजरीत गव्हाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश असतो. दाणा अख्खा असेपर्यंत तो टिकतो. दळला की दाण्यातलेच लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते आणि पीठ कडवट होते. यावर कोंडा आणि दाण्यातला अंकुर काढून टाकण्याची सोपी वाट आहे, पण त्यात लोहही घटते. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने 'धनशक्ती' हे लोहयुक्त वाण दिले कशासाठी? २०१२ पासून ते महाराष्ट्रात आहे. शेतात मिळवलेले लोह गिरणीत घालवायचे का?

दाणे अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून, खडखडीत वाळवून दळले तर हे विकर निकामी होते आणि पीठ कितीतरी जास्त दिवस चांगले राहते. एवढे काम तालुक्याचा बचत गटही करू शकेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. कृषी विभागाने ते या कामाला मिळवून द्यावे आणि पिठाच्या पाकिटावर दळल्याची तारीख सक्तीची व्हावी.

आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी 'मिलेट' बिस्किटांची जाहिरात आहे. ती बिस्किटे आमच्या घरी आहेत. घटकांच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, बाजरी पार खाली. निदान आरोग्याच्या पानावर तरी अशी जाहिरात घेऊ नका.

– एक वाचक, पुणे