पाडव्याआधी मक्त्याचं ठरवाल म्हणून

आयोवा (अमेरिका), फेब्रुवारी

ती. बाबांस आणि आईस सा. नमस्कार.

आई म्हणत होती, आपलं वावर मक्त्यानं (भाड्यानं) कसणाऱ्या भाऊंकडून पाडव्याला काढून दुसऱ्याला द्यायचं तुमच्या मनात आहे, एकरी दोन हजार जास्त मिळतात म्हणून. फोनवर हा विषय निघाला की आपलं वाजतं, म्हणून कागदावर लिहितो.

इथं जिकडंतिकडं मका आणि सोयाबीन. मला वाटायचं, ज्याचं वावर तोच वाहत असेल. पण या राज्यातली निम्म्याहून जास्त जमीन मक्त्यानं कसली जाते. मालक एक तर शहरात, नाही तर थकलेले, आपल्यासारखेच. ऑफिसातल्या एकीच्या आईची जमीन अशीच दिलेली आहे. तिचा करारनामा मी मागून वाचला. (हसू नका, आपला सातबाराही मी कधी धड वाचला नाही.)

त्यातलं एक कलम मनात बसलं. इथं जमिनीचा आंबटपणा कमी करायला चुनखडी टाकतात, तिचा गुण बरीच वर्षं टिकतो. कसणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं ती टाकली आणि मालकानं मधेच जमीन काढून घेतली, तर उरलेल्या वर्षांचा हिस्सा मालकानं त्याला परत द्यायचा. शिवाय मक्ता मोडायचा असेल तर 1 सप्टेंबरच्या आत लेखी कळवावं लागतं, आणि जमीन सुटते पुढच्या 1 मार्चला. आपल्याकडे पाडव्याच्या आदल्या दिवशीसुद्धा माणूस बदलतो.

शेणखत एकदा पडलं की दोन-तीन वर्षं जमिनीला पुरतं. पण पुढच्या वर्षी वावर आपल्याकडे राहील का, हेच भाऊंना ठाऊक नसतं. मग ट्रॉलीमागे पैसे देऊन ते खत का टाकतील? ते युरिया फेकतात, त्याचा पैसा त्याच हंगामात निघतो. डिसेंबरात पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायची सोडून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढचा बहार, घेतात, कारण मक्ता आधीच मोजून बसलेले असतात. बोंडअळीला तेच पाहिजे. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही म्हणता, "मक्तेवाले वावराचं वाटोळं करतात." मला विचाराल तर ते वाटोळं एका वर्षाचा तोंडी मक्ता करतो.

कुळाची भीती मला कळते. 1958 च्या विदर्भाच्या कुळकायद्यानं कोणाच्या जमिनी गेल्या, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. (त्या कुळांच्या घरी चूल पेटली, तेही खरंच.) मालकाची मालकी शाबूत राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा मिळावा, असा नमुना कायदा नीती आयोगानं 2016 ला मांडला, पण त्यावर सरकार काय करतं याची वाट पाहत बसू नका. वकिलाकडून तीन वर्षांचा करार लिहून घ्या आणि त्याची नोंदणी करा. वर्षावरच्या मुदतीला ती लागतेच. त्या कागदाच्या जोरावर भाऊंना पीक विमाही स्वतःच्या नावानं काढता येईल. आज पीएम किसानचे 6000 तुम्हाला येतात, अतिवृष्टीची मदतही सातबाऱ्यावरच्या नावानं येते, आणि बियाणं बुडतं भाऊंचं. मागच्या मदतीतलं त्यांना काही दिलंत का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतो.

करारात एवढं घाला: मक्ता अर्धा पाडव्याला, अर्धा कापूस विकल्यावर. शेणखताचा खर्च निम्मानिम्म. मुदतीआधी वावर काढलं तर खताच्या खर्चातला त्यांचा उरलेला हिस्सा आपण द्यायचा. पऱ्हाटी डिसेंबरअखेर निघाली पाहिजे आणि ती जाळायची नाही. ती बारीक करणाऱ्या श्रेडर यंत्राचं भाडं आपलं. कपाशीत तुरीचे तास (ओळी) ठेवायचे. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) निंबांना हात लावायचा नाही, हे तुम्ही तसंही सांगताच.

दोन हजारांचा फरक मी इथून पाठवतो असं लिहिणार होतो, पण तुम्ही पत्र फाडाल.

होळीला भाऊ घरी येतीलच, तेव्हाच बोलून घ्या. माझं नाव मात्र काढू नका. तुमच्याच मनातलं आहे असं सांगा, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल.

तुमचा,
धाकटा